चौथा प्रश्न

सुमय्याला शाळेतून घरचा अभ्यास मिळालाय:
गावातल्या एका यशस्वी व्यक्तीची मुलाखत घ्या. प्रश्न दहा.
तिने नाव लिहिलं अल्ताफचं, माझ्या चुलतभावाचं,
जो कुवेतला असतो आणि ज्याच्या साखरीनाट्यातल्या घरात
लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे.
मजले दोन.

अल्ताफचा फोन शुक्रवारी लागला नाही, शनिवारीही.
रविवारी तिन्हीसांजेला ती वही घेऊन जेटीवर आली,
खोडरबराने कागद काळपट झालेला,
त्याच काळ्यावर तिने माझं नाव घातलं.
मी 'दर्यानूर'च्या पोटात होतो,
कोपरापर्यंत ऑइल, दातांत टॉर्च.

व्यवसाय?
लिही, बोटींची इंजिनं.
शिक्षण?
नववी. तिच्यापुढे कारण लिहू नकोस,
नववीला शेपूट लागत नाही.
पुरस्कार?
होडेकरांनी एकदा सुरमई दिलेली, अख्खी,
मजुरी वेगळी.
हे लिहू?
लिही.

मग तिने मागे ठेवलेला चौथा प्रश्न काढला:
आपण यशस्वी झालो, हे आपल्याला कधी कळले?

माझ्या हातून पाना खाली पडला.
तो शोधायला मी लागतो त्याहून जास्त वेळ लावला.

सांगता आलं असतं तिला त्या वर्षाचं,
व्हिसा आला आणि मी गेलो नाही त्या वर्षाचं.
लोक म्हणतात, आईच्या दम्यामुळे राहिला.
लोकांना कारण लागतं, आणि दमा चारचौघांत बरा दिसतो.
खरं तर निघायच्या आदल्या रात्री
मजीद तांडेलाचं इंजिन खाडीत खोकलं
आणि कुठलं नोझल, ते मला अंथरुणातून कळलं.
एवढं कळणारा माणूस
तिकडे एसीच्या जाळ्या पुसणार होता.
बावा माझ्याशी दोन रमजान बोलले नाहीत.
तेव्हा त्याला यश म्हणायची
माझीसुद्धा हिंमत नव्हती.

आता असं आहे, की पहाटे
मतलई वारा पडला की दर्यावरचा आवाज गावात शिरतो.
बोटी एकेक करून खाडीत येतात.
मी डोळे मिटून ऐकतो.
ही 'अल-मदद', म्हाताऱ्यासारखी घसा साफ करत.
ही 'दोन बहिणी', कायम घाईत.
ही कोण? हां, पावसकरांची,
पंखा नवा आहे, अजून अंगवळणी पडलेला नाही.
पंधरा. सोळा.
सतरावी आली की मी कूस बदलतो,
आणि त्यानंतर बांगेपर्यंतची जी थोडी झोप उरते,
ती अल्ताफच्या कुठल्या मजल्यावर लागते
मला माहीत नाही.

एकदा सोळाच आल्या होत्या.
सतरावी दुपारी दोर बांधून ओढत आणली.
माणसं सगळी होती, उन्हाने करपलेली, पण होती.
गास्केट माझ्या हातचं.
कोणी काही बोललं नाही, चहासुद्धा दिला.
पण माझ्या शाळेत नापास व्हायची सोय आहे,
आणि पेपर मीच तपासतो.

"अब्बा, उद्या द्यायचाय."
किती जागा आहे?
"दोन रेघा."
मग सतरा लिही.
"सतरा काय?"
नुसतं सतरा.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली,
दर्यानूरच्या फळीवर वही टेकवली,
आणि माझी बिलं लिहायची सवय असल्यामुळे
आकडा घालून पुढे नीट लिहिलं:
अक्षरी, सतरा फक्त.